पाणी न घालण्याचं काम

सध्या मी एका झाडाला पाणी न घालण्याचं काम करते आहे.

हसू नका. बासष्टाव्या वर्षी माणसाला यापेक्षा अवघड काम कुणी सोपवू नये. सकाळी सहाला उठते, चहाचा कप घेऊन गॅलरीत येते आणि वेताच्या मुढ्यावर बसून त्या कुंडीकडे बघत राहते. नोएडातला नववा मजला आणि ज्येष्ठ महिना. साडेसहालाच असा वारा येतो की वाटावं समोर कुणी भट्टीचं दार उघडलंय. तुळस मान टाकते, मोगरा पिवळा पडतो, त्या दोघांना मी दोन-दोन मग पाणी घालते. तिसऱ्या कुंडीपाशी मात्र हात आवरते. तिच्यात वीतभर उंचीची एक करडी, वाकडीतिकडी काडी आहे. पान नाही, फूल नाही. फांद्यांच्या टोकांना काटे आणि अंगावरची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. घरी येणारी प्रत्येक बाई मला सांगते, "अरे भाभीजी, ये तो मर गया, फेंक दीजिए." मी म्हणते, "जी, देखती हूँ."

ते मेलेलं नाही. ते गुग्गुळाचं झुडूप आहे. देवापुढे आपण ज्याचा धूप जाळतो, तो गुग्गुळ म्हणजे याच झुडपाचा वाळलेला चीक. कोरड्या माळावर आपोआप उगवणारं, आपल्याच मातीतलं, आणि आता शोधूनही सापडत नाही असं. वर्षातले सात-आठ महिने ते असंच मेल्याचं सोंग घेऊन उभं असतं. पावसाळ्यात तेवढी बारीक बारीक पानं काढतं, आणि थंडी आली की पुन्हा आपलं काडीचं काडी. त्याला मारायचं असेल तर कुऱ्हाड लागत नाही. माया पुरते. मला हे कसं माहीत, ते सांगायलाच बसले आहे.

हे झाड माझ्या मुलीचं, सईचं. सई गुडगावला एका कंपनीत आहे. कुठल्याशा देशी रोपांच्या विक्रीतून तिने ते आणलं. गळ्यात चिठ्ठी होती, 'दुर्मिळ देशी झुडूप'. कंपनी तिला पुण्याच्या ऑफिसात जा म्हणतेय. आधी दीड महिना हैदराबादला ट्रेनिंग, मग आषाढात पुणे, जायचं असेल तर. जायचं असेल तर म्हणजे मला एकटीला सोडून जाववत असेल तर. दिलीप, माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून सई दर शनिवारी माझ्याकडे येते आणि फ्रिज उघडून बघते, मी जेवतेय की नाही ते.

ट्रेनिंगला निघताना तिने कुंडी माझ्या गॅलरीत ठेवली आणि म्हणाली, "आई, डील करू या. हे जगलं तर मी पुण्याला जाते, आणि यालाही घेऊन जाते. मेलं तर मी इथेच, तुझ्या डोक्यावर."

"म्हणजे तुझ्या नोकरीचा निर्णय आता ही काडी घेणार?"

"यार आई, कुणीतरी घ्यायला हवा ना!" ती हसली. मग लिफ्टमध्ये शिरता शिरता म्हणाली, "आणि पाणी नाही हां. बिल्कुल नाही. तुला तर माहितीये."

लिफ्टचं दार लागलं तरी मी तिथेच उभी राहिले. कारण अगदी हाच सौदा माझ्या घरात एकदा होऊन गेलाय. तेव्हा सई नववीत होती. तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमला होतो. मी एका मंत्रालयात, दिलीप दुसऱ्यात. क्वार्टर तळमजल्याचं, म्हणून मागे चार हात माती मिळालेली. त्या कॉलनीत कुणाच्या दारावर पाटी वाचायची गरज नसे, मागची माती बघितली की राज्य कळायचं. कढीलिंब दिसला की मद्रासकडचे, पारिजातक दिसला की बंगाली, आणि सांडपाण्याच्या पाइपाशी माजलेलं अळू दिसलं की आम्ही. अळवाशेजारी गवती चहा, एक मोगरा, झालं. त्या मातीत आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडे वनपाल होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू होतं आणि मला रजा मिळेपर्यंत उशीर झाला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आप्पा ओट्यापाशी उभे राहून स्वतःसाठी पिठलं करत होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, यांना आता एकटं ठेवायचं नाही. त्यांना विचारलं का? नाही विचारलं. सांगितलं. "आप्पा, तुम्ही माझ्याबरोबर दिल्लीला यायचंय." ते म्हणाले, "बरं." आणि एक ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेल्या दोन काड्या घेऊन आले. एक काडी गाडीतच वाळली. दुसरी त्यांनी माझ्या अळवाच्या विरुद्ध टोकाला, भिंतीपाशी लावली.

लावली म्हणजे काय थाट! वरच्या मजल्यावरच्यांची मोरी फोडून नवी होत होती. तिथला विटांचा चुरा, रेती, जुना चुना आप्पांनी घमेल्याने वाहून आणला आणि गुडघाभर उंचवटा केला. पाणी क्षणभरही थांबू नये म्हणून. शेणखत? नाही. दिलीप मोठ्या हौसेने नर्सरीतून काळी माती घेऊन आला, तर म्हणाले, "जावईबापू, ती अळवाला घाला. याला इतकं चांगलं सोसत नाही."

गणपतीत त्यांना रीतीप्रमाणे काला अंबला नेलं. दिल्लीला आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला आम्ही पानिपतला नेतो, तशी ही आमची ठरलेली वारीच. स्मारकापाशी आम्ही हात जोडून उभे, आणि आप्पा कुंपणापाशी उकिडवे बसून कसलंसं झुडूप बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत आप्पा एकदम म्हणाले, "एवढी माणसं. घरी कळायला किती दिवस लागले असतील गं?" मी म्हटलं, "माहीत नाही आप्पा." तेव्हा मला तो इतिहासाचा प्रश्न वाटला होता.

दुसऱ्या वर्षी त्या झुडपाने जोर धरला. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ते सईच्या कमरेएवढं झालं, आडवंतिडवं, काटेरी, धुणं वाळत घालताना साडीला ओढणारं. आमच्या कामवालीचं, सुनीताचं आणि त्याचं रोज भांडण. आप्पा संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर त्यांनी मला जवळ बोलावलं. सुटलेला पापुद्रा हलकेच बाजूला केला आणि अंगठ्याच्या नखाने खोडावर एक बारीक ओरखडा काढला. आत हिरवंगार. "बघ. याचा जीव इथे असतो. वरून बघून ठरवायचं नाही." मग तो अंगठा माझ्या नाकापाशी धरला. देवघराचा वास.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला त्या टेकडीची गोष्ट सांगितली. त्यांच्या हद्दीत एक टेकडी होती, अंगभर गुग्गुळ असलेली. तरुणपणी त्यांनीच ती साफ करायला लावली. "वहीत मी काय लिहिलं माहितीये? निरुपयोगी काटेरी झुडपं. माझ्या अक्षरात. मग तिथे चांगली रोपं लावली, ओळीने, खड्डे घेऊन. उन्हाळाभर गाड्याने पाणी नेऊन घातलं." मी विचारलं, "मग?" "मग काय. रोपं गेली ती गेली, आणि हेही गेलं. आता तिथे नुसता खडक आहे."

त्यांना ती टेकडी परत लावायची होती. फांद्या बोटाएवढ्या जाड झाल्या की पावसाळ्याच्या तोंडावर कलमं घ्यायची आणि घेऊन जायचं. "एक-दोन पावसाळे तिथेच राहावं लागेल," ते म्हणाले, "दामू आहे." दामू म्हणजे त्यांच्या हाताखालचा जुना वनमजूर. मी "बरं बरं" म्हटलं. म्हाताऱ्या माणसाच्या मनातले बेत, ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे, असं मला वाटलं. मी काय मूर्ख होते!

त्या ज्येष्ठात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. आप्पा हसून म्हणाले, "म्हणजे मला आणि झाडाला एकच पथ्य." काळा चष्मा लावून ते आतल्या खोलीत कूलरसमोर बसले, आणि झाड माझ्या ताब्यात दिलं. म्हणाले, "शोभा, काही करू नकोस. तेवढंच कर."

दिलीप मला नेहमी चिडवायचा की सरकारने तुला तीस वर्षं पगार दिला तो कामं अडवून ठेवायचाच दिला. फायली थंड ठेवण्यात माझा हात धरणारं मंत्रालयात कुणी नव्हतं. आणि जिथे खरोखर काहीच करायचं नव्हतं, तिथे मात्र मला गप्प बसवलं नाही.

पण सुरुवात माझ्यापासून झाली नाही, हे आधी सांगते. तो उन्हाळा ज्याने दिल्लीत काढलाय त्यालाच कळेल. नळाला दिवसाआड पाणी, टँकर आला की बादल्यांची रांग, आणि दुपारी लू अशी की खिडकीची कडी हाताला पोळायची. अशा दिवसांत घरातलं पाणी कुणी ओतून देत नाही. आणि मागे ते झाड, एकही पान नसलेलं, जीव गेल्यासारखं उभं. प्रत्येकाचा जीव तुटला. दिलीप आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची बादली गुपचूप त्याच्या बुंध्याशी रिकामी करायचा. सुनीता तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालायची, "अंकलजी बहुत सख्त हैं, बेचारा प्यासा मर रहा है" असं पुटपुटत. सई कूलरमधलं जुनं पाणी. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आजी, बीजी, तर गॅलरीतूनच तांब्या उपडा करायच्या, आणि नेम चुकला तर आमच्या धुण्यावर. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच काय ते थोडं पुण्य करतोय.

मी तेव्हा घालत नव्हते. मला बाकीच्यांचं माहीतही नव्हतं. मग एका सकाळी सई नाचत आत आली, "आजोबा, आजोबा! तुमच्या झाडाला पानं आली!"

आम्ही सगळे मागे धावलो. खरंच, टोकाटोकांना पोपटी पालवी. दिलीपचा चेहरा असा फुललेला की जणू ती त्याच्याच खांद्यावर फुटलीय. सुनीता आणि सईही तशाच. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, "पानं? ज्येष्ठात?" मग विचारलं, "पाणी कुणी घातलं?"

"कुणी नाही, आजोबा," सईने सांगितलं. आप्पा काळा चष्मा सावरत, भिंतीला धरत मागे आले. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, तरी वाकले. चुऱ्यात बोटं खुपसली, नाकापाशी नेली. "भिजलीय," एवढंच म्हणाले. मग सगळ्यांना उद्देशून, पण शांतपणे, "आता तरी हात लावू नका. सुकू द्या तिला. अजून सावरेल."

आणि सगळ्यांनी सोडलं बरं का. चोरी पकडल्यासारखे सगळे त्या दिवसापासून गप्प. आरओची बादली अळवाला जाऊ लागली. झाड वाचलं असतं. मला पक्कं ठाऊक आहे की वाचलं असतं.

चारच दिवसांनी मी ऑफिसातून लवकर घरी आले होते. आप्पा आत फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज इतका मोकळा मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. "दामू, अरे नाही, खड्डे नको घेऊस! मी येतो ना. अकरा कलमं निघतील चांगली. तिकीट काढलंय, जावयानेच काढून दिलं. हो, हो. आता तिकडेच रे. इथे काय, सगळे चांगले आहेत, पण मला बसवून ठेवलंय." आणि हसले.

बसवून ठेवलंय. मी चपला न काढता तशीच दारात उभी राहिले. रोज सकाळी मी यांच्या गोळ्या काढून ठेवते, मऊ भात वेगळा लावते, कूलरमध्ये पाणी भरून ऑफिसला जाते, आणि बसवून ठेवलंय! मला राग आला, आणि त्याच्या खाली भीती. तिथे पुन्हा एकटे पिठलं करत उभे राहणार. पुन्हा मला उशिरा फोन येणार. पुन्हा अधिवेशन असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उठायच्या आत, मी न्हाणीघरातली निळी बादली भरून मागे नेली आणि त्या उंचवट्यावर ओतली.

पालवी कोमेजली होती. मला तिची दया आली. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. पण ज्याला ओरखड्याखालचं हिरवं दाखवलंय, "भिजलीय, सुकू द्या" असं ज्याने कानाने ऐकलंय, त्याने दयेच्या गोष्टी सांगू नयेत. आणि एकदाच नाही. चार सकाळी. चौथ्या दिवशी बादली खाली ठेवताना मला चुऱ्यात तिचा गोल ठसा उमटलेला दिसला, आणि मी तो चपलेने पुसला. माणूस दया करताना ठसे पुसत नाही.

आषाढ लागला. कॉलनीतल्या गुलमोहरापासून गाजरगवतापर्यंत सगळं हिरवं झालं. गुग्गुळाची पालवी गळून पडली आणि नवी आली नाही. आप्पांचा चष्मा तोवर निघाला होता. ते मागे गेले, पापुद्रा बाजूला केला, नखाने ओरखडा काढला. तपकिरी. अजून खाली काढला. तपकिरी. मग दोन्ही हातांनी बुंधा धरून त्यांनी हलकेच वर ओढलं, आणि तीन वर्षांचं झाड भाताच्या रोपासारखं हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. त्यांनी ते भिंतीशी आडवं ठेवलं आणि हात धुवायला आत गेले.

त्या दिवशी जेवताना कबुलीजबाब झाले. आधी सई रडत म्हणाली, "आजोबा, मी कूलरचं पाणी घातलं होतं, फक्त दोन-तीनदा." मग दिलीप, "माझं आरओचं होतं थोडं." पोळ्या करता करता सुनीता आतून, "मैंने भी, अंकलजी." आणि वरच्या बीजींचं तर सगळ्यांनीच सांगितलं. आप्पा ऐकत होते. मग हसायला लागले. "म्हणजे पोर रोज चार-चार घरी जेवत होतं की!" सगळे हसले. सईसुद्धा हसली, डोळे पुसत. मी आमटी वाढत होते. बोलायची ती एकच जागा होती, ती मी आमटीचा डाव हातात घेऊन घालवली.

हसणं ओसरल्यावर आप्पा म्हणाले, "शोभा, ते तिकीट रद्द करून टाक. आता रिकाम्या हाताने जाऊन काय करू."

माझ्या आयुष्यातली एक गोष्ट मला खोडता आली असती, तर मी ती बादली खोडली नसती. पुढचा क्षण खोडला असता. मी पटकन पदराला हात पुसला आणि फोन उचलला. इतक्या झटकन, इतक्या खुशीत, की दिलीपने चमकून वर बघितलं. आणि आप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी एक क्षण बघितलं आणि मान खाली घालून भात कालवायला लागले. रागावले नाहीत. पुढे कधी विषय काढला नाही. फक्त त्या दिवसानंतर मागे खुर्ची टाकून बसले नाहीत.

पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं मी म्हणत राहिले. दोन थंड्यांनी ते गेले, आर. के. पुरमच्या त्याच क्वार्टरमध्ये, मी उशाशी असताना. मला हवं होतं तसंच. अस्थी जवळ पडतं म्हणून हरिद्वारला नेल्या. तापीला न्यायला हव्या होत्या, हे मला परतीच्या गाडीत सुचलं.

सईला आता त्या टेकडीचं भारी कौतुक वाटतंय. परवा फोनवर म्हणाली, "आई, पुण्याहून धुळं काय, एका दिवसात होईल. आजोबांची ती टेकडी नक्की कुठेय गं? हे मोठं झालं की त्याची कलमं तिथे लावू." मी म्हटलं, "बघून सांगते."

काय बघून सांगणार? मला नाव माहीत नाही. इतकी वर्षं तो माणूस माझ्या घरात ती टेकडी मनात घेऊन बसला होता आणि मी गावाचं नावसुद्धा विचारलं नाही. ते नुसतं "आमची टेकडी" म्हणायचे, मी नुसतं "बरं बरं." दामूचा नंबर त्यांच्या बटणाच्या फोनमध्ये होता. क्वार्टर सोडताना तो फोन मी बाकीच्या सामानाबरोबर भंगारवाल्याला दिला. आता ती टेकडी जगात कुठेतरी आहे, नुसता खडक घेऊन, आणि तिथपर्यंत जायचा रस्ता ज्यांना माहीत होता त्यातलं कुणी मला सापडणार नाही.

आता खरं सांगते. काल दुपारी मी मग भरला होता. तुळशीला दोन, मोगऱ्याला दोन घातले, आणि आणखी एक भरलेला मग घेऊन त्या काडीपुढे उभी राहिले. लू चालली होती. घरात कुणी नाही. सई हैदराबादला. एक मग, कुणाला कळणार? रोज एक-एक, आणि आषाढात म्हणायचं, "अरेरे, नाही गं जगलं." मग ती दर शनिवारी येईल, फ्रिज उघडून बघेल. उशाशी असेल. मला हवं असेल तसंच.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मग मी तो मग तुळशीला ओतला. तिला जरा जास्तच झालं.

आज सकाळी मुढा पुढे ओढला. चष्मा लावला. पापुद्रा हलकेच बाजूला केला आणि अंगठ्याच्या नखाने, आप्पांनी काढला होता तसाच, एक बारीक ओरखडा काढला. वाटलं, तपकिरी असलं तर? आणि लाज वाटते सांगायला, पण तपकिरी असावं असंही क्षणभर वाटलं.

आत हिरवंगार होतं.

मी अंगठा नाकाशी धरून थोडा वेळ तशीच बसले. मग सईला फोन लावला. ती ट्रेनिंगला निघायच्या गडबडीत होती, तोंडात पोळीचा घास. "काय गं आई, इतक्या सकाळी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुझं झाड जिवंत आहे. पुण्याचं तिकीट काढ."

पलीकडे चावणं थांबलं. "आई? तू नक्की राहशील ना गं एकटी?"

"काढ म्हटलं ना," मी म्हणाले. "आणि मी रद्द कर म्हणाले, तर ऐकू नकोस."